बियाची काकडी

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परसू बूट घालून शेतात आला. बूट फौंड्रीतून मिळालेले, पुढं लोखंडाची टोपी असलेले. उचगावच्या त्या मळ्यात बूट घालून येतो तो एक तर मोजणीवाला, नाही तर वीजबिलाच्या वसुलीचा माणूस. काकडीच्या सऱ्यांत खुरप्यानं तण भांगलणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, ओळख पटल्यावर पदर सारखे केले. शेजारच्या मळ्यातली सोनाबाई जयाबाईच्या कानाशी लागली.

"आक्का, तुमचं मालक."

"दिसालेत की," जयाबाई म्हणाली. "बघून पाय टाका म्हणावं त्यास्नी. रोपं आत्ताशी चार पानांवर हैत."

परसूनं पाय बघूनच टाकले. तसा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, मारझोड नाही, बाहेर काही भानगड नाही. अशा नवऱ्याबद्दल बाईनं तक्रार करायची म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी जांभई येते. जयाबाईनं म्हणूनच कधी कुणापाशी तक्रार केली नाही.

ते परसूचं शेत, असं गाव म्हणायचं. म्हणायला काय जातं? जयाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा परसू मच्छे गावातल्या एका फौंड्रीत नुकताच लागला होता. आधी सायकलवरून, मग मोपेडवरून, मग मोटरसायकलवरून तो जात राहिला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आणि रविवारी झोप. या पट्ट्यात घरोघरी हेच चालतं. पुरुष कारखान्यात आणि शेत बायकांच्या अंगावर. शहरात कुणी भाषण ठोकतं तेव्हा 'शेतकरी बांधव' म्हणून सुरुवात करतं. बांधव तेव्हा भट्टीपुढं घाम गाळत असतात, आणि शेतात वाकलेल्या असतात त्यांना कुणी भगिनीसुद्धा म्हणत नाही.

सासू मनुबाई होती तोवर शेत तिच्या शब्दावर चालायचं. मनुबाई तोंडानं फटकळ. सुनेच्या हातात तिनं खुरपं लगेच दिलं, डोकं चालवायला मात्र कित्येक वर्षं दिलं नाही. पुढं गुडघे धरले, बांध चढवेना, तशी एका सकाळी तिनं सुनेला परड्यातल्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर शेणाचे चपटे गोळे थापलेले होते आणि त्यात काकडीचं बी दाबून बसवलेलं होतं. ही इथली जुनी रीत. शेणात बी राहिलं की त्याला कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. म्हातारी भिंतीकडं बघत म्हणाली, "औंदा कुठं काय लावायचं ते तू सांग. मला इचारू नगं. चुकलीस तर शिव्या घालीन, पण इचारू नगं."

जयाबाईला मिळालं ते एवढंच, पण तिच्या लेखी त्याहून मोठं काही नव्हतं. भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर मसूर आणि वाटाणा टाकायचा. संक्रांत उलटली की विहिरीजवळच्या तुकड्यात काकडी, तिच्या कडेनं लाल भाजी आणि कोथिंबीर. माघात मसूर वाळली की दवात, उजाडायच्या आत उपटायची, नाही तर शेंगा हातातच तडकतात. पाडव्याच्या पुढं वेल उतरले की तिथं चवळी. कुठल्या सरीला पाणी आज आणि कुठलीला परवा, कोथिंबीर टेम्पोत कधी घालायची आणि कधी शेतातच राहू द्यायची, हे सगळं ती ठरवायची. बाकी आयुष्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न बापानं ठरवलं, पोराचं नाव आत्यानं, घराचा रंग परसूनं. शेतात मात्र बायका तिच्या तोंडाकडं बघून भांगलायची पात धरायच्या.

आणि ती काकडी. गावठी, आखूड, फिकट हिरवी, सालीवर पांढऱ्या रेघा. सासूच्या सासूपासून घरात चालत आलेली. वडगावच्या, मागावर कापड विणणाऱ्या घरांतल्या बायका मार्केटमध्ये तिची बुट्टी उघडायची वाट बघत थांबायच्या. पहिल्या तोडीतल्या सुबक काकड्या जयाबाई वेलावरच राखायची आणि त्यांच्या देठाजवळ जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की ती काकडी बियाची, तिला हात लावायचा नाही. मग ती वेलावरच पिवळी होते, तांबूस होते, फुगते, आणि वेल वाळेपर्यंत तशीच राहते.

गावातल्या बायका पौषात बी मागायला यायच्या. कुणी ओंजळभर वाटाणा आणायचं, कुणी नारळ. जयाबाई भिंतीवरचा गोळा सुरीनं काढून त्यांच्या पदरात घालायची, कुंकू लावायची. एखादी म्हणाली, "पुढल्या साली आमीबी राखतो आक्का, दर साली तुमाला तरास," तर ही हात उडवायची. "कशाला राखतीस? माझ्याकडं हाय की." चांगुलपणा होता, खोटं कशाला बोला. पण त्या चांगुलपणात थोडा तोराही होता. दरवर्षी गावानं आपल्या दारात यावं, ही गोडी काही लहान नसते.

तर अशा शेतात परसू बूट घालून उतरला.

पहिले काही दिवस तो नुसता बघत बसला. भट्टीपुढं उभं राहून त्यानं या शेताची स्वप्नं बघितली होती, हेही खरं. रिटायर झालो की मळ्यात जाणार, असं तो कारखान्यात सगळ्यांना सांगायचा. त्या स्वप्नात विहीर होती, सावली होती, हिरवं पीक होतं. बायको कुठं उभी होती हे त्यानं नीट बघितलं नसावं.

मग त्यानं अवजारं एका रांगेत लावली. मोटारीच्या खोलीत खुंट्या मारल्या. भांगलायला आठ वाजता यायचं आणि पाचला सुटायचं, असं बायकांना सांगितलं. दलालाला स्वतःचा नंबर दिला. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, आणि तिथंच सगळी अडचण होती. जयाबाईला भांडायला जागाच सापडेना.

"आता तू बस," तो म्हणायचा. "लई केलंस. आता मी हाय न्हवं?"

"बसून काय करू?"

"काय म्हणजे? आराम कर. टीव्ही बघ."

मुलगा स्वरूप पुण्यात नोकरीला. फोनवर तोही तेच म्हणाला, "आई, अण्णा करतायत ना सगळं? मग तू कशाला ऊन खातेस?" जणू ऊन खायची तिला हौस होती.

शिवरात्रीच्या सुमाराला एक बारीकशी गोष्ट घडली. मसूर निघाली होती आणि त्या रिकाम्या तुकड्याला ट्रॅक्टर फिरवायचा होता. ट्रॅक्टरवाला शामू बांधावर आला. हा शामू कित्येक वर्षं जयाबाईच्या हाकेला येणारा, तिच्या हातचा चहा पिऊन काम सुरू करणारा. त्या दिवशी चहा तिच्याच हातचा प्याला आणि कप ठेवून परसूला म्हणाला, "मालक, उभं घालू का आडवं?"

परसूला काय कळणार उभं का आडवं. तो जयाबाईकडं वळला. तिनं सांगितलं. मग परसूनं तेच शामूला सांगितलं, आणि शामूनं ते परसूकडून ऐकलं. तिघांत मिळून हात दोन हात अंतर, शामूचे कान शाबूत. पण बाईचं बोलणं मालकाच्या तोंडून फिरून आल्याशिवाय त्याला ऐकू येईना.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी परसूनं फौंड्रीतल्या मित्रांना शेतावर जेवायला बोलावलं. जयाबाई पहाटेच्या टेम्पोनं मार्केटला गेली होती. दहाला परत येऊन भाकरी थापायची होती, वांगी रात्रीच चिरून ठेवली होती. इकडं परसूनं शेत झाडून काढायचं मनावर घेतलं. सऱ्यांतून फिरताना त्याला चिंध्या दिसल्या. पिवळ्या पडलेल्या, फुगलेल्या काकड्यांना लाल, हिरव्या चिंध्या. त्याला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बायकोनं बांधल्यात. गोठ्याच्या दारावर लिंबू-मिरची तिनंच बांधलेली होती, मग पिकाला चिंधी बांधणार नाही कशावरून? फौंड्रीतला नागराज येणार, मुकादम येणार. परसू कारखान्यात असल्या गोष्टींवर सगळ्यांत मोठ्यानं हसणारा. त्यानं एकेक चिंधी सोडली. काकड्या पिकून बाद झालेल्याच दिसत होत्या, त्या तोडून म्हशीपुढं टाकल्या. चिंध्या मात्र टाकल्या नाहीत. त्यांची नीट घडी घालून बांधावर दगडाखाली ठेवल्या. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, काही फेकून देत नाही.

जयाबाई आली तेव्हा पाहुणे विहिरीवर पाय धूत होते.

"एन अक्का, आराम?" नागराजनं विचारलं. तो कानडी माणूस, मराठी बोलायचा पण कानडीच्या चालीवर. "परशुराम शेत मस्त ठेवलाय. काय क्लीन, काय नीट. नवीन माणूस म्हणून वाटत नाही."

"व्हय," जयाबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली. येताना तिची नजर सऱ्यांवरून गेली होती. तिनं पुन्हा वळून बघितलं, मग बांधावरच्या दगडाकडं बघितलं. भाकरी थापल्या, वाढल्या, पाहुण्यांनी काकडीची कोशिंबीर दोनदा मागून घेतली, ती वाढली. मोटरसायकली पाणंदीच्या वळणाआड गेल्या, तेव्हा कुठं ती बोलली.

"चिंध्या कुणी सोडल्या?"

"मी. फौंड्रीतली माणसं येणार, आन शेतात दृष्टीच्या चिंध्या. हसली असती."

"दृष्टीच्या न्हवत्या त्या. बियाच्या काकड्या व्हत्या."

परसूनं बांधावरच्या दगडाकडं बघितलं. लहानपणी आई चिंधी बांधायची, ते त्याला तेव्हा आठवलं असणार. चेहऱ्यावर तसं दिसलं. पण आठवलं असं म्हणणं अवघड असतं.

"मग सांगायचं न्हाय?" तो म्हणाला.

"तुमी इचारलं?"

"बरं, आता सांगितलंस. एवढं काय त्यात? बी दुकानात मिळतंय. पाकीट फोडायचं आन टाकायचं."

ती गोठ्यात गेली. म्हशीनं काही ठेवलं नव्हतं.

भिंतीवरचे गोळे सगळे संपलेले होते, त्यातलंच बी लावलेलं आणि वाटलेलं. ती सोनाबाईकडं गेली. सोनाबाईनं तिच्याकडून नेलेलं बी लावलं होतं, पण वेल केव्हाच उपटून टाकले होते.

"मी न्हाय वो राखलं, आक्का. तुमच्याकडं मिळतंय म्हटलं." सोनाबाईला वाईट वाटलं, पण हसूही आलं. "तुमीच न्हवं म्हणायचा, कशाला राखतीस?"

मग ती आणखी चार घरं फिरली. कुणी वेल काढले होते, कुणी सगळी काकडी कोवळी तोडून विकली होती, आणि एकीनं तर यंदापासून हायब्रीडच लावलं होतं आणि ती सांगायला लाजत होती. गावात ज्याच्या-त्याच्या पदरात तिनं बी घातलं होतं, आणि ते राखायची गरज कुणाला पडू नये अशी व्यवस्थाही तिनंच केली होती. परत येताना पाणंदीत ती स्वतःलाच एक शिवी देऊन मोकळी झाली. मनुबाई असती तर तिनं दिली असती तीच.

अजून सगळं संपलं नव्हतं. विहिरीकडच्या कडेला काही वेल हिरवे होते आणि त्यांवर शेवटच्या फुटव्याच्या काकड्या धरलेल्या होत्या. पहिल्या तोडीची सर त्यांना नव्हती, पण बी म्हणून चाललं असतं. तिनं दगडाखालच्या चिंध्या काढल्या आणि पुन्हा बांधल्या. या वेळी परसूला हाताला धरून नेलं आणि दाखवलं.

"ह्या बियाच्या. वेल वाळंपतूर हितं कुणी हात लावायचा न्हाय. ऐकू आलं?"

"व्हय व्हय. आता काय लहान हाय मी?"

पाडवा झाला आणि शामू ट्रॅक्टरला रोटर लावून आला. काकडीचा तुकडा मोकळा करून चवळी टाकायची होती. परसूनं त्याला आदल्या दिवशीच फोन केलेला होता, आणि दुपारी शामूला दुसरीकडं जायचं होतं. जयाबाई लाल भाजीच्या वाफ्यात होती. ट्रॅक्टरचा आवाज आला तशी ती उठून विहिरीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"शामू, हितनं फुडं घालू नगं. एवढी कड ऱ्हाऊ दे."

शामूनं ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालूच ठेवलं. त्यानं तिच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं, बांधावर परसू उभा होता तिकडं.

"मालक, कड ठेवायची काय?"

परसूनं कडेकडं बघितलं, मग घड्याळाकडं. त्याला माहीत होतं. या वेळी त्याला सगळं माहीत होतं. पण कड ठेवली तर ओळी वाकड्या येणार, पाणी द्यायला अडचण, परत ट्रॅक्टर बोलवायचा. आणि शामू थांबलेला, सोनाबाईच्या बांधावरून बायका बघतायत. चार काकड्यांसाठी बायकोनं शेत अडवलं आणि यानं अडवू दिलं, असं झालं असतं.

"घाल," तो म्हणाला. "सरळ घे. जया, बाजूला हो गं. मी आणून देतो बी, चांगलं, कंपनीचं."

जयाबाई बाजूला झाली. ट्रॅक्टरपुढं आडवी पडली वगैरे काही नाही. तसलं सिनेमात होतं. ती बाजूला झाली, रोटर खाली आला, आणि दोन फेऱ्यांत ती कड बाकीच्या शेतासारखी झाली. मातीत इथं-तिथं चिंध्यांचे तुकडे दिसत होते. शामू जाताना म्हणाला, "येतो आक्का." तिनं मान हलवली. शामूवर राग धरून काय उपयोग? वारं कुठून येतंय ते त्याला शेतात सगळ्यांच्या आधी कळलं होतं, एवढंच.

त्या दिवसापासून तिनं शेताबद्दल घरात एक शब्द काढला नाही. परसूला वाटलं, राग आहे, जाईल. पावसाळा गेला, भात निघालं. पौषात एकदोन बायका दारात येऊन, भिंतीकडं बघून परत गेल्या. संक्रांतीनंतर परसूनं पाकीट आणलं, चकचकीत, वर चित्र असलेलं. विहिरीजवळच्या तुकड्यात ते बी लावलं.

इथं कुणाला वाटेल, ते उगवलं नसेल किंवा रोग पडला असेल, आणि परसूला आपली चूक कळली असेल. तसं काही झालं नाही. बी झकास उगवलं. काकडी लांब, सरळ, गडद हिरवी, गावठीपेक्षा जास्तच निघाली. मार्केटमध्ये परसू स्वतः जाऊ लागला. वडगावच्या बायकांनी पहिल्या दिवशी काकडी हातात घेऊन इकडून-तिकडून बघितली, "औंदा लांब आलीया काय?" म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी काहीच न म्हणता घेऊन गेल्या.

जयाबाई तेव्हा सोनाबाईच्या मळ्यात भांगलत होती. मजुरीनं. सकाळी घरचा स्वयंपाक करायची, परसूचा डबा भरायची आणि खुरपं घेऊन निघायची. आपला मळा ओलांडून सोनाबाईच्या बांधावर चढायची. सोनाबाईनं आधी हात जोडले होते. "आक्का, लोक मला नावं ठेवतील. एवढा मळा असताना..."

"मळा कुणाचा?" जयाबाईनं विचारलं. "तुला बाई पायजे का नको, तेवढं सांग."

सोनाबाईला बाई पाहिजे होती. आठ दिवसांत ती बियासाठी कुठला दोडका राखायचा ते जयाबाईला विचारू लागली. जयाबाई सांगायची. पहिल्यासारखी हौस नव्हती, पण सांगायची.

परसूच्या कानावर गावातलं बोलणं आलं तेव्हा तो हादरला. जेवताना म्हणाला, "माझी अब्रू काढालीस तू."

"बसून ऱ्हायला सांगिटलात. बसवत न्हाय मला. काम कराया गेलो."

"आपलं शेत काय वस पडलंय? हितं कर की काम."

"तुमी बोलावलासा कुठं?"

काकडीची तोड ऐन भरात आली आणि गावात बायका मिळेनात. सगळ्या मळ्यांत एकदमच काम निघालं होतं. काकडी एक दिवस वेलावर राहिली की जून होते. परसू दोन घरं फिरला, नन्नाचा पाढा ऐकला आणि शेवटी सोनाबाईच्या बांधावर येऊन उभा राहिला. बायका भाकऱ्या सोडून बसल्या होत्या.

"उद्या तोडायला बायका पायजेत," तो म्हणाला. बघत होता सोनाबाईकडं. "मिळतील तेवढ्या."

"माझं तर न्हाय बाई जमत," एक म्हणाली. दुसरी नुसतीच हसली. सोनाबाईनं जयाबाईकडं बघितलं.

"मी येतो," जयाबाई म्हणाली. "अजून दोघी आणतो संगट. मजुरीचा रोज सोनाबाई देती तेवढाच द्यायचा. माझाबी."

"तुला कसला रोज?" परसू आधी हसला. मग बायका हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. "घरची हैस तू."

"मग ऱ्हाऊ दे."

जून झालेली काकडी कुणी घेत नाही. परसूनं बांधावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं आणि तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी जयाबाई त्या दोघींबरोबर आली. बांधावर उभी राहून तिनं परसूला विचारलं, "कुठली सरी?" त्यानं दाखवली. तिनं ती तोडली आणि पुन्हा विचारलं, "आता कुठली?" दुपारी पाट फुटून पाणी भलत्याच सरीत शिरलं. बरोबरची बाई म्हणाली, "आक्का, पाणी चाललंय बघा." जयाबाईनं बघितलं. "मालकास्नी सांग," म्हणाली आणि काकड्या बुट्टीत टाकत राहिली. परसू धावत गेला, चिखलात घसरला, फावड्यानं कसाबसा पाट बांधला. एरवी तिनं तो टाचेनं दाबून बंद केला असता.

पाच वाजता तिनं हात धुतले आणि त्या दोघींच्या मागं उभी राहिली. परसूनं दोघींना रोज दिला. मग ती पुढं झाली आणि तिनं हात पसरला. परसू खाली बघत म्हणाला, "घरी देतो की गं. लोक बघालेत."

"हितंच द्या," ती म्हणाली.

त्यानं दिला. त्या वर्षी त्या शेतात तिच्या शब्दानं झालेली तेवढी एकच गोष्ट. तिनं नोटा पदराच्या गाठीत बांधल्या, घरी जाऊन दोघांसाठी भात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला शेतात आली. आठच्या आधी नाही.